चेहरा पाचला येणार

कोट आपलाच आहे हे एरास्मोला जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच कळलं. तपकिरी रंग, डाव्या खिशाच्या तोंडाशी शाईचा डाग आणि मागून मुडपलेली कॉलर. एकोणीस वर्षं इस्त्री करूनही ती कॉलर कधी सरळ बसली नव्हती. कोटाच्या आत मात्र आता लाकडाचा भुसा होता. खालच्या मजल्यावरची तारहेलियाबाई ओट्यावर फतकल मारून बाहीतून मूठमूठ भुसा कोंबत होती. एकतीस डिसेंबर, सकाळचे दहा, ग्वायाकिलचा घामट उकाडा, कोपऱ्यावरच्या कर्ण्यातून कुणाच्या तरी प्रेमभंगाचं गाणं, आणि गल्लीत दर दहा पावलांवर हेच काम चाललेलं: जुन्या कपड्यांत भुसा भरायचा, त्याला 'जुनं वर्ष' म्हणायचं, ज्याने वर्षभर छळलं त्याचा चेहरा त्याच्यावर चिकटवायचा आणि बाराच्या ठोक्याला द्यायचा पेटवून. या गल्लीचे आजवर दोन राष्ट्राध्यक्ष, एक सासू आणि एक डासांचा ताप असे जाळून झाले होते.

"काय मास्तर, निघालात नाश्त्याला?" तारहेलिया मान वर न करता म्हणाली.

"हा कोट कुणाचा?"

"आता याचा." तिने बाहुल्याच्या पोटावर थाप मारली. "ग्लेन्दाने दिला हो. म्हणाली, न्या, नुसता पडलाय. पॅन्ट आमच्या ह्यांची, देव त्यांना शांती देवो. बूट तेवढे कुणी देईना. तुमच्याकडे आहेत का फाटके?"

"आणि चेहरा?"

"चेहरा ग्लेन्दाच आणणार, पाचला. कुणाचा ते विचारू नका. आमचं ठरलंय, फोडायचं नाही." आणि पुढचे दोन दात नसलेलं तोंड उघडून ती हसली. हे हसू आपल्यालाच उद्देशून होतं, असं एरास्मोने तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

नाश्ता न करताच तो वर आला. कोपऱ्यावरच्या टपरीवरचं माशाचं आंबट सार आणि वर कच्च्या कांद्याचा ढीग, हे त्याच्या आयुष्यात उरलेल्या तीन सुखांपैकी एक होतं. उरलेली दोन कोणती, असं विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. खुर्चीत बसल्यावर छातीत काहीतरी हललेलं जाणवलं. भीती म्हणावी तर तशी नव्हती, रागही नव्हता. नीट पाहिल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपल्याला बरं वाटतंय, आणि तेव्हा मात्र तो घाबरला. ग्लेन्दाने उत्तर दिलं होतं. त्याच्या मुलीने, जी नऊ वर्षं त्या गोष्टीबद्दल एक अवाक्षर बोलली नव्हती, दर रविवारी डबा घेऊन येऊन फक्त तांदूळ, गॅसची टाकी आणि त्याच्या पायाची सूज एवढ्याच विषयांवर बोलत होती, तिने शेवटी तोंड उघडलं होतं. आधी कोट दिला, आता चेहरा आणणार. चेहरे करणं हाच तिचा धंदा. ती आपला चेहरा आणील तर नऊ वर्षांचा हिशेब एकदाचा उघड्यावर येईल, मग माफी मागता येईल. उघड न झालेल्या गुन्ह्याची माफी कशी मागायची, हे त्याला आजवर कळलं नव्हतं. नऊ वर्षं तो तिच्या रागाची वाट बघत होता, आणि ती त्याला निमूट डाळभात वाढत होती.

समोर फोन पडला होता आणि त्यात सहा नवी अ‍ॅप त्याच्या नावाने ओरडत होती. एकेकाळी एरास्मो वियासीस हे नाव शहरातल्या एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत, दुसऱ्या पानावर, चौकटीत छापून येत असे, आणि त्या पुण्याईवर गल्ली त्याला अजून मास्तर म्हणायची. नाटकं, पुस्तकं, चित्रांची प्रदर्शनं. त्याचं परीक्षण वाचून एका नटाने रंगभूमी सोडली आणि टायरचं दुकान टाकलं, दुकान उत्तम चाललं, ही गोष्ट एरास्मो स्वतःच चारचौघांत सांगायचा आणि वर म्हणायचा, देशाला एक बरा टायरवाला मी दिला. मग पुरवणी बंद पडली. वाचक कमी झाले असं मालक म्हणाले. वाचक कधी होतेच कुठे, असं एरास्मो म्हणाला. आता तो किटोमधल्या एका वेबसाइटसाठी मोबाइलवरची अ‍ॅप तपासायचा. तीही सगळी नव्हेत. बँकांची, औषधांची, भाषा शिकवणारी अ‍ॅप तपासायला तिथे शिकलीसवरलेली पोरं होती. याच्या वाट्याला दोनच जाती आलेल्या: फोटो सुधारणारी आणि उड्या मारणारी. दर अ‍ॅपला बारा मिनिटं, दोनशे शब्द, पाचपैकी तारे. नाकाने कांदे सोलण्यात ज्याचा जन्म गेला, त्याच्यापुढे म्हातारपणी कांदेसुद्धा असले आले.

पहिलं अ‍ॅप होतं 'लख्ख'. उघडल्याबरोबर ते म्हणालं, तू जसा आहेस तसा सुंदर आहेस, आणि पुढच्याच पडद्यावर नाक बारीक करायची पट्टी पुढे केली. एरास्मोने नेहमीप्रमाणे त्याला आपला पत्रकार-ओळखपत्रावरचा फोटो खायला घातला. सगळ्या अ‍ॅपना तो हाच फोटो घालायचा, म्हणजे तुलना न्याय्य होते. न्यायाच्या बाबतीत तो फार काटेकोर होता. चार वर्षांत या एका फोटोची चारशे सोंगं झाली होती. गोरा एरास्मो, कोवळा एरास्मो, सशाच्या कानांचा एरास्मो, बाहुलीच्या डोळ्यांचा, गालावर गुलाब उमललेला. पी हळद आणि हो गोरी. 'लख्ख'ने त्याच्या कपाळावरच्या आठ्या पुसल्या, आणि आठ्यांबरोबर भुवयाही नेल्या. त्याने लिहायला घेतलं: 'ज्यांना आपल्या तोंडाची लाज वाटते पण ते धुवायचा कंटाळा येतो, त्यांच्यासाठी हे अ‍ॅप आहे. इथे माणूस आत जातो आणि सोललेलं अंडं बाहेर येतं. बनवणाऱ्यांनी याआधी बहुधा भिंतींना चुना लावण्याचं काम केलं असावं. त्यांनी ते सोडायला नको होतं. दीड तारा.' वाचून बघितलं. बरं होतं. चुन्याचं वाक्य त्याने या वर्षात तिसऱ्यांदा वापरलं होतं, पण ते आठवणारं जगात कुणी नव्हतं.

मग 'टुणटुण पिल्लू'. एक पिवळं पिल्लू ढगावरून ढगावर उडी मारतं. बोट टेकवलं की उडी, नाही टेकवलं की मरण. मेलं की पडद्यावर विचारणा: पुन्हा? कशासाठी उड्या मारतंय, वर काय आहे, कोण आहे, कुणी सांगत नाही, आणि सांगण्यासारखं काही नसतंच. नाचता येईना तर अंगण वाकडं म्हणायचीही सोय नाही, कारण अंगणच नाही, नुसते ढग. त्याने लिहिलं: 'खेळाला शेवट नाही हे बनवणाऱ्यांना वैशिष्ट्य वाटतं. माझ्या मते ती दहशत आहे. एक तारा, तोही पिल्लाला, कारण त्या बिचाऱ्याने हे काम मागितलं नव्हतं.' हे लिहून झाल्यावर बारा मिनिटं संपली होती, तरी त्याने बोट टेकवलं. पिल्लू उडालं. अशाच एका उडत्या बेडकाच्या खेळात त्याने गेल्या मे महिन्यात दोन हजार तीनशे सोळा उड्या मारल्या होत्या, एका बैठकीत, जेवण गार होईपर्यंत, आणि नंतर त्या खेळाला अर्धा तारा दिला होता. ते आकडे त्याने कुणाला सांगितले नव्हते. तिरस्कार करायचा तर ज्याचा करायचा ते तोंडाला लागलेलं असावं लागतं, हे त्याला या वयात समजलं होतं आणि समजून काही उपयोग नव्हता.

स्टेफानीने बोलून पाठवलेला निरोप फोनवर आला. ही वेबसाइटची संपादक, वय पंचवीस, हसताना खिंकाळायची. "सर, 'लख्ख'चं वाचलं, मेले मी हसून! पण सर, वर्षाचा शेवट आहे, जरा गोड लिहा ना. लोक संडासात बसून वाचतात हो आपलं. त्यांना तिथे कशाला टोचायचं?" एरास्मोने ते दोनदा ऐकलं. पोरगी मूर्ख नव्हती हे त्याला ठाऊक होतं, आणि तेच त्याला सहन होत नव्हतं. खिडकीतून खाली बघितलं तर तारहेलियाने बाहुल्याला मोडक्या खुर्चीत बसवलं होतं. डोक्याच्या जागी भुशाने भरलेली उशीची खोळ, सपाट, पांढरी. कोट पोटावर ताणून बसला होता. एरास्मोला तो कधीच असा भरून बसला नव्हता. त्याने फोन खिडकीबाहेर धरून फोटो काढला आणि तो 'लख्ख'मध्ये घातला. अ‍ॅपने थोडा विचार केला आणि सांगितलं: चेहरा सापडला नाही. पाचला सापडेल, एरास्मो मोठ्याने म्हणाला, आणि आपण फोनशी बोलतोय हे लक्षात येऊन ओशाळला.

ग्लेन्दा मध्यवस्तीतल्या एका जुन्या फोटो स्टुडिओत काम करायची. ओळखपत्रं, पदवीदान, पोरांचं चर्चमधलं पहिलं प्रसादग्रहण, आणि मेलेली माणसं. मेलेल्यांचं काम सगळ्यांत जास्त. शवपेटी भिंतीतल्या ज्या कोनाड्यात ठेवतात त्याच्या तोंडावर बसवायची चिनीमातीची अंडाकृती तबकडी, तिच्यावर गेलेल्याचा फोटो. घरचे लोक हाताला लागेल तो फोटो घेऊन येतात: लग्नातला, नाचतानाचा, हातात बाटली असलेला. ग्लेन्दा बाटली काढते, खांद्यावरचे परके हात काढते, मिटलेला डोळा दुसऱ्या फोटोतून आणून उघडते. एका रविवारी, जेवताना, आई जिवंत होती तेव्हा, तिने सांगितलं की एक कोळीण आली होती. नवरा बुडाला, बनियनमधला एकच फोटो, समुद्रावरचा. ती म्हणाली, पोरी, याला टाय बांध. यानं जन्मात बांधला नाही, एकदा बांधलेला बघू दे. ग्लेन्दाने चार संध्याकाळी बसून त्याला टाय बांधला होता. गाठ कशी असावी ते कळेना म्हणून बापाचा टाय कपाटातून काढून, स्वतःच्या गळ्यात बांधून, आरशात बघून बघून. सांगता सांगता तिचे डोळे भरले, आणि ती बापाकडे बघत होती. एरास्मोला ते डोळे आज खिडकीत उभ्या उभ्या स्पष्ट दिसले. त्या वेळी त्याने काय पाहिलं होतं? त्याने लेखाचा विषय पाहिला होता. उचलली जीभ लावली टाळ्याला.

लेखाचं नाव 'मेलेल्यांचे टाय'. पुढच्याच रविवारी चौकटीत. शेवटच्या न्यायाच्या दिवशी एक कोळी उठतो, गळ्यात फास बघून त्याला वाटतं आपल्याला बुडवून भागलं नाही म्हणून आता फाशीही दिलंय, आणि देवदूत समजावतात, बाबा रे, फास नव्हे, ही आपल्या शहराची कला आहे. शहर पोट धरून हसलं. एरास्मोच्या आयुष्यातला तो सर्वांत गाजलेला लेख. उपाहारगृहात अनोळखी माणसांनी त्याला कॉफी पाजली. स्टुडिओच्या मालकाने कात्रण गल्ल्यामागे टाचून ठेवलं, कौतुकाने की लाजेने कुणास ठाऊक. आणि महिन्याभराने ती कोळीण तबकडी फडक्यात गुंडाळून परत घेऊन आली. शेजारच्या कोनाड्यांना भेट द्यायला येणारे लोक थांबून हसतात म्हणाली. टाय काढून दे. ग्लेन्दाने टाय काढला. हे सगळं एरास्मोला बायकोकडून कळलं, स्वयंपाकघरात, तिची पाठ त्याच्याकडे असताना. ग्लेन्दा बोलली नाही. तो रविवारी वाट बघत बसला की ही ताट आपटेल, ओरडेल, येणं बंद करील. ती आली, तिने तांदळाच्या भावावर चर्चा केली, आणि भांडी घासून गेली. शब्दांवर पोट भरणाऱ्या माणसाला मुलीने एका शब्दाचीही भीक घातली नाही.

मग चार वर्षांपूर्वी बायको गेली. राकेलची तबकडी ग्लेन्दानेच केली. पांढऱ्या दफनभूमीत, कपाटासारख्या रचलेल्या संगमरवरी कोनाड्यांपुढे, दुपारच्या उन्हात दोघं उभी होती आणि तबकडीत राकेल होती, साठीतली, जशी ती दुकानदाराशी भाव करताना बघायची तशी, एक भुवई किंचित वर. कुठल्या फोटोतून काढली कळेना. असा फोटो घरात नव्हता. हे चांगलं आहे, हे फारच चांगलं आहे, हे वाक्य जिभेवर तयार होतं. आणि जिभेने, जिला पन्नास वर्षं एकच चाल शिकवलेली, आपली चाल केली. "डावा डोळा जरा मोठा केलायस का?" तो म्हणाला. ग्लेन्दाने तबकडीवरचा अंगठ्याचा ठसा पुसला. "नाही," ती म्हणाली, "आईचा होताच." परत येताना तिने त्याला बसमध्ये खिडकीची जागा दिली.

तीन वाजले. गल्लीत विधवा आल्या, म्हणजे मिशावाले बाप्ये काळे झगे आणि उशांचे स्तन लावून, मरू घातलेल्या वर्षासाठी गळा काढत. त्यातला एक ट्रकवाला वॉशिंग्टन, गल्लीच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर, ज्याने नोव्हेंबरातल्या सामन्यात सात गोल खाल्ले होते, तो बाहुल्याच्या मांडीवर बसून रडत होता. "कोट बघा माझ्या राजाचा! कोट घालून कुठं चाललास रे मला टाकून!" गल्ली खिदळली. एरास्मो पडद्यामागे सरकला. हसा. आपण हसे लोकाला आणि शेंबूड आपल्या नाकाला. गोलकीपरला स्वतःच्या दोन हातांतून जाणारा चेंडू दिसत नाही तो दुसऱ्याच्या कोटाला हसतोय. पण तिरस्कार आज नीट जमून येत नव्हता. तो कागद घेऊन बसला आणि माफी लिहू लागला, कारण न लिहिता त्याला काही बोलता येत नसे. 'ग्लेन्दा, त्या लेखाबद्दल.' सुरुवात ढिली. 'मला वाईट वाटतं.' कुणाला नाही वाटत? 'मी तुझं काम समजू शकलो नाही.' खोटं, समजलं होतं, म्हणून तर लेख चांगला झाला. 'मी नीच आहे.' हे तर सरळ टाळ्या मागणं झालं. सात मसुदे झाले आणि त्याने स्वतःला प्रत्येकी एकापेक्षा जास्त तारा दिला नाही. कागद चुरगाळताना त्याला एक विचित्र गोष्ट जाणवली: खाली आपला चेहरा येईल तेव्हा तो चांगला असावा, अशी त्याला इच्छा होती. तिने सगळं त्यात आणावं. ओठांचा तो डावा कोपरा, तुच्छतेने कायमचा खाली आलेला. आठ्या न पुसता. आणि आपण सगळ्या गल्लीसमोर म्हणावं, हे उत्तम आहे.

पाचला पाच कमी असताना तो खाली उतरला. स्वच्छ सदरा घातला होता, दाढी केली होती. तारहेलियाने शंकेने पाहिलं. "लग्नाला का मास्तर?" वॉशिंग्टन झग्यातच ओट्यावर बसून बिअर पीत होता, उशी सरकून पोटावर आलेली. ग्लेन्दा बसथांब्याकडून आली, घामाने डबडबलेली, काखेत पुठ्ठ्यात जपून धरलेलं मोठं पाकीट. बापाच्या गालाला गाल लावला, "पाय सुजलाय पुन्हा," म्हणाली, आणि सरळ बाहुल्याकडे गेली. पाकीट उघडलं. एरास्मो एक पाऊल पुढे सरकला. त्याच्या तोंडात वाक्य तयार होतं.

चेहरा वॉशिंग्टनचा होता.

सात गोलांपैकी सातव्या गोलाच्या क्षणाचा: डोळे विस्फारलेले, तोंडाचा आ, चेंडू गेला त्या दिशेला वळलेली बुबुळं. गल्ली एकदम फुटली. वॉशिंग्टनने बिअर ठेवली, झगा वर धरून नाचला, बाहुल्याला मिठी मारली. "मी! मला जाळतायत! आई, बघ गं, पोरगा मोठा झाला!" मग गंभीर होऊन म्हणाला, "पण ग्लेन्दा, मी कोट कधी घातलाय?"

"मग आता घाल," ग्लेन्दा म्हणाली. "चांगला दिसतोस."

"दिसतो ना? साहेब दिसतो." आणि तो आईला बोलवायला धावला. त्याच्या मागे गल्ली गेली. ओट्यावर तिघंच उरली. ग्लेन्दा वाटीतला गोंद ब्रशने खोळीवर लावू लागली. एरास्मो तसाच उभा होता. आपल्याला हायसं वाटायला हवं, हे त्याला कळत होतं. हायसं वाटत नव्हतं. कुणीतरी आपल्या हातातून काहीतरी काढून दुसऱ्याला दिल्यासारखं, आणि तेही एका गोलकीपरला, असं त्याला झालं होतं.

"मला वाटलं, माझा चेहरा आणशील," तो म्हणाला.

"तुमचा?" ग्लेन्दाने वळून पाहिलं आणि ती खरंच हसली, मनापासून, कुत्सितपणे नव्हे. "तुमचा कशाला, पप्पा? ज्यानं वर्षभर लोकांना काही केलंय त्याला जाळतात. तुम्ही कुणाचं काय केलंत?"

"मास्तरांना कोण जाळतंय, बिचाऱ्यांना," तारहेलिया म्हणाली. "वर बसून असतात आपले. आवाज नाही की काही नाही." ती त्याचं सांत्वन करत होती.

एरास्मोला आयुष्यात पुष्कळ वाईट परीक्षणं आली होती. एका कवीने त्याच्यावर काठी उगारली होती. हे त्या सगळ्यांहून वर होतं, आणि देणाऱ्याला आपण दिलं याची कल्पनाही नव्हती. "कोट माझा आहे," तो हट्टाने म्हणाला.

"त्याला वास येत होता, पप्पा. कसर लागलेली. मी तुम्हाला सांगितलं होतं, तुम्ही हो म्हणालात फोनमध्ये बघत."

"मी केलंय," एरास्मो म्हणाला. आवाज त्याला वाटला होता त्याहून मोठा निघाला. "टायचा लेख. तो मी केलाय."

ग्लेन्दाचा ब्रश थांबला. तारहेलिया उठली, बूट बघते कुठे मिळतात का, असं काहीतरी पुटपुटत आत गेली.

"त्याला नऊ वर्षं झाली," ग्लेन्दा म्हणाली.

"नऊ. मी तेव्हापासून रोज... म्हणजे रोज नाही. पण मला तुला सांगायचं होतं की..."

"तुम्हाला तर त्याच वर्षी जाळलं," ती म्हणाली.

त्याला आधी कळलंच नाही.

"स्टुडिओच्या दारात," ग्लेन्दा सांगू लागली, तांदळाचा भाव सांगावा तशा आवाजात, आणि ब्रश पुन्हा चालू झाला. "आम्ही सगळ्यांनी मिळून. मालकांनी भुसा आणला. ती कोळीणबाईही आली होती, पोरांना घेऊन, तिला मीच बोलावलं. काडी तिनं लावली. तुम्ही छान पेटलात, पप्पा. मग मी उड्या मारल्या तुमच्यावरून. बारा महिन्यांच्या बारा. दहाव्या उडीला झग्याच्या काठाने पेट घेतला, त्या बाईनं हातानं विझवला."

"मला कुणी..."

"जाळायच्या माणसाला बोलावतात का कुठे? वॉशिंग्टनची गोष्ट वेगळी." तिने खोळीची कड गोंदाने गच्च भरली. "दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे जेवायला आले होते. एक जानेवारी. तुम्ही म्हणालात, केसांना धुराचा वास येतोय, जरा लांब बस."

त्याला आठवलं. कोंबडीचा रस्सा होता त्या दिवशी, आणि राकेल त्याच्याकडे बघून काही बोलता बोलता थांबली होती. म्हणजे तिलाही ठाऊक होतं. त्या दिवसानंतर ग्लेन्दाने त्याला कधी उलट उत्तर दिलं नाही, आणि तो समजत होता की ती आत काहीतरी साठवते आहे. साठवायला तिच्याकडे काही उरलंच नव्हतं. सगळं त्या एका रात्री जळून, विझून, दुसऱ्या दिवशी सकाळी झाडून टाकलं गेलं होतं, आणि नऊ वर्षं दर रविवारी ती एका जाळून झालेल्या माणसाला डबा आणून देत होती. माफी मागायला तो फार उशिरा आला होता. मसुदे सातही निरुपयोगी होते.

"आणि चेहरा?" त्याने विचारलं. "चेहरा कुणी केला होता?"

"मीच. दुसरं कोण करणार?"

"कसा झाला होता?"

ग्लेन्दाने हात थांबवला. हा प्रश्न तिच्या कुठल्याही कामाबद्दल त्याने आजवर विचारला नव्हता, हे दोघांच्याही लक्षात आलं असावं, कारण क्षणभर कुणीच कुणाकडे पाहिलं नाही. तिने खरोखर विचार केला, कामाचा विचार करतात तसा.

"चांगला झाला होता," ती म्हणाली. "तुम्ही होतात अगदी. मालक म्हणाले, हा जाळू नकोस, काचेत लावू, गिऱ्हाइकं बघतील. मी म्हटलं, नको. जाळायला केलाय."

एरास्मोने मान हलवली. त्याला तो चेहरा बघायला फार आवडला असता.

"इथे धरा," ग्लेन्दा म्हणाली, आणि त्याचा हात घेऊन त्याचं बोट तिने वॉशिंग्टनच्या कानावर टेकवलं. "दाबून. सोडू नका लगेच, ओला आहे अजून." मग ती दुसऱ्या कानाकडे वळली. एरास्मो आपल्याच जुन्या कोटासमोर वाकून उभा राहिला आणि दुसऱ्या कुणाचा तरी कान, तिने सांगितला तेवढा वेळ, धरून ठेवला.